वाळूवरची चाकोरी

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात जैसलमेरजवळ, समच्या टेकड्यांपासून थोडं पुढे, आमची गाडी वाळूत रुतली. गाडी मित्राची, फोर-बाय-फोर, पुण्याहून तिथवर एकदाही न कुरकुरता आलेली. स्टिअरिंगवर मी होतो. गाडी जड झाल्यासारखी वाटली आणि मला एकच उपाय सुचला: ॲक्सिलरेटर. चाकं गरगरली, मागे वाळूचे फवारे उडाले आणि मिनिटभरात गाडी पोटावर बसली. चौघेही इंजिनिअर असल्यामुळे चार वेगवेगळ्या थिअऱ्या मांडून झाल्या. गाडी जागची हलली नाही.

शेवटी उंट घेऊन चाललेले एक काका थांबले. गाडीला फेरी मारून ते चाकापाशी उकिडवे बसले आणि विचारलं, "हवा कितनी है?" आम्ही अभिमानाने सांगितलं, 35. सकाळीच भरून घेतली होती. काका हसले. त्यांनी एक काडी उचलली, व्हॉल्व्हच्या पिनेवर टेकवली आणि फुस्स करून हवा सोडायला लागले. चारही चाकांची. टायर खाली पसरट, जवळपास पंक्चर झाल्यासारखे दिसायला लागले तेव्हा थांबले. आमच्याकडून चाकांभोवतीची वाळू हाताने उपसून घेतली आणि म्हणाले, "अब धीरे." रिव्हर्स टाकला. गाडी आल्या मार्गाने सावकाश मागे सरकत बाहेर आली.

डांबरी रस्त्याकडे परतताना समोर सपाट मैदान होतं, घट्ट जमीन, अधूनमधून गवताचे झुबके. तिथून सरळ गेलो असतो तर बराच वळसा वाचला असता. मी गाडी वळवायला लागलो तर काकांनी बोनेटवर थाप मारली. "उधर से नहीं." मला वाटलं, पुन्हा रुतेल म्हणून सांगतायत. पण ती जमीन तर चांगली कडक दिसत होती. काही न कळता त्यांनी दाखवलेल्या जुन्या वाटेने आम्ही बाहेर पडलो.

पुण्यात परतल्यावर त्या सोडलेल्या हवेबद्दल वाचायला लागलो आणि थरच्या वाळवंटातून निघून थेट लिबियाच्या वाळवंटात पोचलो. वाळूत मोटार चालवण्याची विद्या मोठ्या प्रमाणावर तिथे घडली. ती घडवणाऱ्यांचा म्होरक्याही इंजिनिअर होता, आणि तोही आधी बराच रुतला होता.

हवेचं गणित

आधी गणित करून घेऊ. 1600 किलोच्या गाडीत प्रत्येक चाकावर साधारण 400 किलो वजन येतं. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. 35 पीएसआय (पोलिसातला नव्हे, चौरस इंचाला इतके पाउंड हे माप) म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. मग 400 किलो पेलायला टायरचा 160 चौरस सेंटिमीटरचा ठसा पुरतो. म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. हवा 15 पीएसआयवर आणली की तेच वजन पेलायला सुमारे 380 चौरस सेंटिमीटर लागतात. टायरची बाजूची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण ठसा दुपटीहून मोठा होतो हे खरं.

गंमत अशी की हा ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो. कडक टायर नांगरासारखा वाळूत घुसतो, स्वतःपुढे वाळूचा बांध तयार करतो आणि सतत तोच बांध चढत राहतो. मऊ टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वाळूवर लांब पसरतो. उंटाचा तळवा वजन पडलं की पसरतो, तसाच. आणि चाक जागच्या जागी फिरवणं म्हणजे निव्वळ खड्डा खणणं. मी समला तेच केलं होतं.

याला पथ्यंही आहेत. हवा कमी असताना वळण झपकन घ्यायचं नाही, टायर रिमवरून निसटू शकतो. वेग कमी ठेवायचा. आणि पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची. तसं केलं नाही तर टायरच्या भिंती सारख्या दुमडून तापतात आणि फुटतात.

उंट, फोर्ड आणि राजपुत्र

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर ग्रेट सँड सी आहे. साधारण 72,000 चौरस किलोमीटरचा हा वाळूचा समुद्र. त्यात उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या लाटाच लाटा, काही शंभर मीटरहून उंच. 1874 मध्ये गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे निघाला. पण प्रत्येक टेकडी आडवी येत होती. शेवटी त्याला उत्तरेला वळून टेकड्यांमधल्या पट्ट्यांतून सिवाच्या ओॲसिसपर्यंत जावं लागलं.

मोटारी आल्या त्या पहिल्या महायुद्धात. सनुसी बंडखोरांवर नजर ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी 'लाइट कार पेट्रोल' नावाच्या तुकड्या काढल्या. त्यांच्याकडे फोर्डच्या मॉडेल टी गाड्या होत्या. टायर सायकलच्या थोरल्या भावासारखे, साडेतीन इंच रुंद, त्यात हवा दगडासारखी ठासलेली. कडक मैदानावर या गाड्या सुसाट पळत, मऊ वाळूत मात्र उतरून ढकलाव्या लागत. पुढे 1920 च्या दशकात इजिप्तचा राजपुत्र कमाल अल-दीन याने वेगळा मार्ग काढला. त्याने चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या सिट्रोएन गाड्या घेतल्या आणि नैऋत्येकडच्या अफाट पठारापर्यंत जाऊन त्याला गिल्फ कबीर हे नाव दिलं. पण असली मोहीम राजपुत्रालाच परवडणारी.

याच सुमारास टायरमध्ये एक बदल झाला. 1923 मध्ये फायरस्टोनने 'बलून' टायर बाजारात आणले: रुंद, लवचीक, निम्म्या दाबावर चालणारे. 1920 च्या दशकाच्या शेवटी आलेली फोर्डची मॉडेल ए अशाच टायरवर उभी होती. गाडी साधीच, कुणालाही शोरूममधून घेता येईल अशी. आता फक्त ती टायरमधली हवा सोडून बघणारा कुणीतरी हवा होता.

सुट्टी टाकून वाळवंटात

रॅल्फ बॅग्नॉल्ड 1896 चा. पहिल्या महायुद्धात रॉयल इंजिनिअर्समध्ये लढला, मग केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकला, पुन्हा सैन्यात आला. 1926 मध्ये त्याची बदली इजिप्तला झाली, पुढे काही वर्षं तो भारतात वायव्य सरहद्दीवरही होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी वाळवंटातल्या मोहिमा काढल्या त्या सुट्टी टाकून आणि पदरचे पैसे घालून. आपण लाँग वीकेंडला ट्रेकला जातो त्याचंच हे महाकाय रूप. निमित्त होतं झरझुरा नावाच्या, दंतकथेतल्या हरवलेल्या ओॲसिसचं. ते कधी सापडलं नाही.

सापडल्या त्या युक्त्या. त्यांनी गाड्यांवरचा जमेल तेवढा पत्रा उतरवून वजन घटवलं. रेडिएटरमधून वाफ होऊन उडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ती वाफ नळीने एका डब्यात नेली. त्या डब्यात थोडं पाणी असे, वाफ तिथे थंड होई. डबाही उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन निवलं की पोकळीमुळे पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढलं जाई. होकायंत्राला गाडीचं लोखंड भरकटवत असे, म्हणून बॅग्नॉल्डने सूर्य-होकायंत्र सुधारून घेतलं: एक आडवी तबकडी, मध्ये उभी सुई, सुईची सावली ज्या अंशावर त्यावरून दिशा. रुतलेलं चाक बाहेर काढायला कैरोच्या भंगारातून लोखंडी पन्हळी आणल्या. महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी केलेल्या या पन्हळी चाकाखाली सरकवल्या की चाकाला पकड मिळे. आजही फोर-बाय-फोरच्या टपावर बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसतात, त्या याच पन्हळींच्या नाती.

आणि मऊ वाळू आली की टायरची हवा कमी करायची. ही पद्धत रूढ केली ती 1930 च्या दशकात याच मंडळींनी. हवा सोडायला मिनिट पुरतं. पण पुढे खडकाळ जमीन आली की तीच हवा पंप मारमारून परत भरावी लागे, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात सापडून टायर चिरणार. म्हणजे प्रत्येक वेळी समोरची जमीन वाचून मग निर्णय घ्यायचा.

1930 मध्ये ते सँड सीमध्ये शिरले. एका भल्यामोठ्या टेकडीसमोर बॅग्नॉल्डने वेग वाढवून गाडी सरळ उतारावर घातली. गाडी आपटेल किंवा रुतेल असं वाटत असताना ती लिफ्टसारखी अलगद वर गेली, जराही धक्के न बसता. वर पोचल्यावर मात्र थांबता आलं पाहिजे, कारण पलीकडची बाजू कड्यासारखी तुटलेली असते. पुढच्या काळात हे विसरून पलीकडे पालथे झालेले ड्रायव्हरही झाले.

बॅग्नॉल्डला प्रश्न पडला तो वेगळाच. एकाच टेकडीची एक बाजू रस्त्यासारखी पक्की आणि दोन पावलांवर गाडी गिळणारी भुसभुशीत, असं का? दिसायला तर दोन्ही सारख्याच. 1935 मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पवनबोगदा बांधला आणि वाळूचे कण कसे उडतात ते मोजायला बसला. वाऱ्याच्या बाजूला कण उड्या मारत येतात, एकेक करून फटीत बसतात, त्यामुळे थर घट्ट होतो. माथा ओलांडलेली वाळू पलीकडे घसरते आणि साधारण 33 अंशांच्या उतारावर तशीच सैल पडून राहते. त्याचं 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हे पुस्तक 1941 मध्ये आलं आणि आजही या विषयाचा पाया मानलं जातं. मंगळावरच्या एका टेकड्यांच्या पट्ट्याला बॅग्नॉल्डचं नाव आहे. 2015 मध्ये क्युरिऑसिटी रोव्हर तिथे जाऊन आला. त्याआधी 2009 मध्ये स्पिरिट रोव्हर मंगळाच्या मऊ मातीत रुतला तो कायमचाच. त्याची चाकं धातूची. हवा सोडायची सोयच नव्हती.

युद्धातली चाकोरी

पुस्तक छापून आलं तेव्हा लेखक पुन्हा वाळवंटात होता. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, बॅग्नॉल्डला परत बोलावलं आणि पूर्व आफ्रिकेला पाठवलं. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि तो योगायोगाने इजिप्तमध्ये उतरला. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्याने सेनापती वेव्हेल यांच्यापुढे योजना ठेवली: ज्या वाळूतून कुणी येऊ शकत नाही असं शत्रूला वाटतं, तिथून आम्ही जाऊ. तयारीला त्याला सहा आठवडे मिळाले. त्यातून लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा राहिला. दीड टनी शेव्हरोले ट्रक, सुरुवातीचे बहुतेक जवान न्यूझीलंडचे. पुढे 1942 मध्ये जाट, राजपूत, शीख आणि पंजाबी मुसलमान जवानांची इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही त्यांना जोडली गेली. सुट्टीतल्या छंदाच्या सगळ्या युक्त्या आता युद्धसामग्री झाल्या. पलीकडच्या बाजूलाही तीच विद्या जाणणारा माणूस होता. 'द इंग्लिश पेशंट' ज्याच्यावर बेतला आहे तो हंगेरियन लास्लो अल्माशी 1942 मध्ये दोन जर्मन हेरांना गाडीने वाळवंट ओलांडून नाईलकाठी सोडून आला.

इथे चाकांच्या खुणांकडे बघण्याची नजर बदलते. विमानातून माणूस दिसत नाही, ट्रकवर जाळी टाकली की ट्रकही दिसत नाही. पण चाकोरी दिसते आणि ती थेट लपण्याच्या जागेपर्यंत घेऊन जाते. म्हणून मुक्काम करताना शेवटच्या टप्प्यातल्या खुणा झाडून पुसायची शिस्त होती. त्रिपोली-बेनगाझी रस्त्याजवळ दिवसरात्र दडून शत्रूची वाहनं मोजणाऱ्यांचा जीव त्या पुसलेल्या खुणांवर अवलंबून असे.

पण शेकडो मैल कोण झाडणार? त्या खुणा राहिल्या. आणि सगळीकडे सारख्या राहिल्या नाहीत.

कुठली जमीन लक्षात ठेवते

टेकड्यांवरच्या खुणा वारा एका रात्रीत पुसतो. तिथे गाडी दहा वेळा रुतवा, आठवड्याने गेलात तर काहीही झालेलं नसतं. पण लिबियाच्या वाळवंटात 'सरीर' म्हणतात तशी खडीची सपाट मैदानं आहेत. ड्रायव्हरला स्वर्ग वाटावीत अशी. स्टिअरिंग सोडून दिलं तरी चालेल, वाटेल त्या दिशेने वाटेल तेवढं पळवा. तिथे वर बारीक दगडांचा जेमतेम एक थर असतो आणि खाली मऊ धूळ. शतकानुशतकं वाऱ्याने वरची धूळ नेली, दगड उरले, आणि तेच आता खालच्या मातीचं झाकण झाले. उन्हापावसात त्यांचा वरचा भाग काळपट होतो. चाक गेलं की दगड दबतात, उलटतात, खालची फिकी माती उघडी पडते. पाऊस जवळजवळ नाही, गवत नाही, गांडूळ नाही. जखम भरून काढणारं तिथे काहीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या फोर्ड गाड्यांच्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रकांच्या चाकोऱ्या अशा मैदानांवर कित्येक दशकं दिसत राहिल्या. अमेरिकेत मोहावी वाळवंटात 1942 मध्ये जनरल पॅटन यांनी सराव तळ उभारला होता. तिथल्या रणगाड्यांचे पट्टे आजही दिसतात. नामिबच्या खडीच्या मैदानांवर दगडफुलं वाढतात, वर्षाला डोळ्याला न दिसण्याइतकी. तिथे वाट सोडून गाडी घालायला म्हणूनच बंदी असते.

हे वाचताना मी थांबलो. म्हणजे वाळवंट ड्रायव्हरला जिथे अडवतं, छळतं, फावडं घ्यायला लावतं, तिथे आपला मागमूस राहत नाही. आणि जिथे काहीच अडत नाही, तिथे आपण आपल्या आयुष्यापेक्षा जास्त टिकणारी ओळ ओढून जातो. चाक रुतलं की माणूस आपोआप शहाणा होतो, हवा सोडतो, सावकाश जातो. खरी जबाबदारी सुरू होते ती न रुतणाऱ्या जमिनीवर. तिथे आपल्याला थांबवणारं कुणी नसतं.

तिथे कुणीतरी बोनेटवर थाप मारावी लागते.

समच्या त्या मैदानावरचे गवताचे झुबके म्हणजे सेवण. थरमधल्या गुराढोरांचा हा मुख्य चारा. अशाच सपाट, मोकळ्या गवताळ माळावर गोडावण राहतो, म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं आणि जो तिथून जवळपास दिसेनासाच झाला, तोच. आता तो मुख्यतः जैसलमेरच्या परिसरात उरला आहे, तोही दीडशेच्या आत. माळढोक घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाचं, बहुधा एकच अंडं घालतो. त्याचा आजचा मोठा शत्रू विजेच्या तारा आहेत, आमच्यासारख्यांची एखादी गाडी नव्हे. पण शॉर्टकट मारणारी गाडी कधी एकटी नसते. पहिली चाकोरी पडली की दुसरा तिलाच रस्ता समजतो, तिसरा तिच्या बाजूने स्वतःची काढतो.

मराठीत 'चाकोरीबाहेरचा' ही शाबासकी आहे. शाळेपासून ऐकत आलोय, ऑफिसच्या अप्रेझलमध्येही ऐकलंय. वाळवंटात हा शब्द उलटा वाचावा लागतो. एकदा पडलेल्या चाकोरीतून निमूटपणे जाणं, मागच्याने पुढच्याच्या खुणेत चाक ठेवणं, यालाच तिथे अक्कल म्हणतात.

काकांच्या मनात तेव्हा माळढोक होता की फक्त आपल्या जनावरांचा चारा, मी विचारलं नाही. बहुधा चाराच असेल, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. आम्ही त्यांना पैसे देऊ केले, त्यांनी चहा घेतला. त्या दिवशी जैसलमेरच्या पंपापर्यंत आम्ही चाळीसच्या वर गाडी नेली नाही. हवा भरणाऱ्या मुलाने चारही टायर पाहिले, मग आमच्याकडे पाहिलं. "फँस गए थे?"

आता गाडीत प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. हवा सोडणं-भरणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे, ते मी शिकलो. समोर मोकळं, कडक मैदान दिसलं की मात्र पाय अजूनही ॲक्सिलरेटरकडे जातो. तेव्हा ती थाप आठवावी लागते.